किराण्याची कूपनं: पावतीवर वाचले ५७, वहीत सापडले ७

निंबोणी (धागाकर्ती)

मंडळी, गेलं दीड वर्ष ज्या उद्योगात मी गळ्यापर्यंत बुडाले होते, त्याचा हिशोब मांडायला हा धागा. घरच्यांच्या मते हिशोब आधी करून मग बुडायला हवं होतं. घरचे बोलतातच.

उद्योग म्हणजे किराण्याची कूपनं, पेपरच्या पुरवण्यांतून कापून दुकानात दिली की सूट मिळवून देणाऱ्या चिठ्ठ्या. सहज मिळालं तर वापरलं, इतका साधा प्रकार नव्हता. दर रविवारी टेबलावर पुरवण्यांचा ढीग, कात्री आणि प्लास्टिकच्या खणांचा एक जाडजूड फोल्डर. साबण एका खणात, कागदी वस्तू दुसऱ्या, 'या आठवड्यात मुदत संपतेय' त्या सगळ्यात पुढे. एकाच पेपरच्या तीन-तीन प्रती विकत घ्यायचे, कारण एका प्रतीत एकच कूपन. शेजाऱ्यांच्या रद्दीवरही डोळा. मोबाईलवर चार अ‍ॅप. कंपनीचं कूपन, त्यावर दुकानाची सवलत आणि वर अ‍ॅपचे परत मिळणारे पैसे, असे तीन थर एका वस्तूवर जमले की त्या दिवशी मला झोप छान लागायची. पावतीच्या तळाशी ठळक अक्षरांत 'आज तुमची बचत' यायचं. त्यातल्या चांगल्या चांगल्या पावत्या मी फ्रिजवर चिकटवल्या होत्या. हसा खुशाल.

मग एक दिवस बाथरूमचा बल्ब गेला. स्टुलावर चढून माळ्यावरचा खोका ओढला आणि डोक्यावर टूथपेस्टचा पाऊस. खाली बसून मोजल्या. ३१. घरात माणसं तीन, त्यातल्या एकाला पुदिना झोंबतो. १२ डब्यांवरची तारीख उलटलेली. त्यामागे दाढीच्या फोमचे ६ कॅन, आणि आमच्या घरातल्या एकमेव पुरुषाने गेली ९ वर्षं दाढी राखलेली आहे.

त्या संध्याकाळी वही घेतली. कूपनांच्या आधीच्या वर्षात महिन्याला सरासरी जेवढं बिल यायचं, त्याला १०० धरा. कूपनांच्या वर्षात घरात आलेल्या मालाची छापील किंमत महिन्याला सरासरी १५० निघाली. त्यावर सूट ५७. खिशातून गेले ९३. म्हणजे वर्षभर पावत्या सांगत होत्या की ५७ वाचले, आणि बँकेचं पासबुक म्हणतंय ७. जादा पेपर आणि तीन दुकानांच्या फेऱ्यांचं पेट्रोल मिळून साधारण २ जातात. उरले ५. त्यासाठी महिन्याला २४ तास.

तुमचा अनुभव काय? माझंच काही चुकलं, की हा खेळच असा आहे?

टवाळ

३१ टूथपेस्ट! दंतकथा म्हणतात ती हीच.

मनमौजी

२४ तासांत ५. बाई, एवढ्या वेळात एखादी शिकवणी घेतली असती तरी दाढीचा फोम पूर्ण किमतीला घेऊन नवऱ्याची दाढी काढून झाली असती.

सावलीतली

मनमौजी, हा 'वेळेची किंमत'वाला मुद्दा प्रत्येक ठिकाणी ठोकला जातो, पण तो नेहमी लागू पडत नाही. रविवारी सकाळी दोन तास कात्री चालवली नसती तर त्या वेळात कोणी मला पगार देणार होतं का? नाही. मी मोबाईल बघत लोळले असते. ज्याला खरोखर जादा काम मिळू शकतं त्याने तासाचा भाव लावावा. बाकीच्यांनी एवढंच विचारावं की त्या वेळात आणखी काय केलं असतं.

आणि निंबोणी, तुझ्या हिशोबात एक भोक आहे. भाववाढ धरलेली नाहीस. समजा वर्षभरात भाव ५ टक्क्यांनी वाढले, तर तुझे जुने १०० आज १०५ झाले असते. मग बचत ७ नाही, १२.

निंबोणी

@सावलीतली, बरोबर, सुटलंच ते. पण मग फेकलेला मालही धर. तारीख उलटलेलं, न आवडलेलं, वाटून टाकलेलं, सगळं मिळून दर महिन्याला ४ च्या घरात जातं. फिरून तिथेच आले.

हिशोबनीस

मी ग्राहकोपयोगी वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंग विभागात ११ वर्षं काढली. कंपनीचं नाव विचारू नका. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट. कूपन म्हणजे उदारपणा नव्हे, तर चाळणी. एकच वस्तू दोन माणसांना दोन भावांनी विकायची आहे, पण 'तुमचा खिसा किती खोल?' असं उघड विचारता येत नाही. मग सवलतीला थोडी खटपट चिकटवायची. ज्याला पैशांची फिकीर आहे तो खटपट करतो आणि ८० देतो, ज्याला नाही तो सरळ १०० देतो. त्यामुळे खटपट कमी व्हावी असं कंपनीला कधीच वाटत नाही. बारीक अक्षरं, आखूड मुदत, 'अमुकच आकाराच्या पॅकवर' हे सगळं जाणूनबुजून असतं. अमेरिकेत कूपनांचा पूर यायचा, पण वाटलेल्या दर १०० कूपनांमागे वापरली जायची जेमतेम एक-दोन. उरलेली ९८ वाया गेली असं आम्ही समजत नव्हतो. ती जाहिरात असते. तुम्ही कात्री लावण्यासाठी आमच्या वस्तूचं चित्र दहा सेकंद निरखून बघता, एवढं लक्ष कुठल्या जाहिरातीला मिळतं?

दुसरी गोष्ट. तुम्ही जे नेहमी घेता त्याचं कूपन सहसा निघत नाही, कारण तुम्ही ते तसंही घेणारच आहात. कूपन निघतं नव्या वासाच्या, नव्या आकाराच्या, प्रतिस्पर्ध्याच्या ग्राहकाला ओढणाऱ्या मालावर. निंबोणी, तुमच्या १५० मधलं किती सामान कूपनांच्या आधीच्या यादीत होतं, ते तपासा. माझा अंदाज, निम्मंसुद्धा नसेल.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुकानाचं स्वतःच्या नावाचं जे साधं उत्पादन असतं त्यावर कंपनीचं कूपन कुठून येणार? समजा साधी वस्तू ६० ला आहे आणि नाववाली १०० ला. नाववालीवर २५ चं कूपन. तुम्ही ७५ देऊन 'पंचवीस वाचले' म्हणता, पण खरं तर पंधरा जास्त दिलेत. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे, आणि आमच्या विभागात कोहळ्याचा तक्ता दर सोमवारी भिंतीवर लागायचा.

'इतक्याच्या खरेदीवर इतकी सूट' ही मर्यादासुद्धा हवेतून येत नाही. गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या बिलापेक्षा थोडी वर ठेवलेली असते. मग तुम्ही काउंटरजवळ उभे राहून ती गाठायला काय उचलू, काय उचलू करता.

टवाळ

टूथपेस्ट.

रातराणी

सगळेच निंबोणीची टिंगल करताय म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माझी नोकरी गेली तेव्हा पुढचे ९ महिने आमच्या घरात कूपनांनीच टेकू दिला. हातात पैसा नव्हता, वेळ भरपूर होता. माझं बिल १०० वरून ७० वर आलं आणि तिथेच राहिलं. हे पासबुकातले आकडे आहेत, पावतीवरचे नव्हेत.

फरक एवढाच की मी सुरुवात कूपनापासून केली नाही, वहीपासून केली. घरात कायम लागणाऱ्या १८ वस्तू लिहून काढल्या. प्रत्येकीसमोर दर, आणि तोही पॅकचा नव्हे, १०० ग्रॅमचा किंवा १०० मिलिलिटरचा. दोन-तीन महिने नुसती टिपणं केली, कूपन एकही कापलं नाही. तेव्हा दिसलं की बहुतेक वस्तू दीड ते तीन महिन्यांच्या फेऱ्यात एकदा आपल्या तळाच्या भावाला येतात. तो भाव आला आणि त्याच वेळी कूपन हातात असलं, तरच खरेदी. ती सुद्धा पुढच्या फेऱ्यापर्यंत पुरेल एवढीच. यादीबाहेरच्या कूपनाकडे फुकट असलं तरी बघायचं नाही, आणि हे 'फुकट' सोडणं सगळ्यात जड जातं, खोटं कशाला बोलू.

लहान पॅकवरची कूपनं तर निम्म्याहून जास्त वेळा फसवी निघाली. कूपन लावल्यावरसुद्धा मोठा पॅक ग्रॅमला स्वस्तच पडायचा. वही नसती तर हे कळलं नसतं.

आठवड्याला मला तास-सव्वा तास लागायचा. नोकरी लागल्यावर सगळं बंद केलं. वही मात्र चालू आहे.

हिशोबनीस

रातराणी, तुमच्यासारखे गिऱ्हाईक आमच्या बैठकांत 'फक्त सूट वेचणारे' म्हणून ओळखले जायचे आणि त्यांच्यावर कसा आळा घालायचा यावर चर्चा व्हायची. कौतुक म्हणून घ्या.

बोरूबहाद्दर

रोचक धागा. थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

कूपनांच्या जन्मकथेत कोका-कोलाचं नाव नेहमी येतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी एक ग्लास फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. १८९४ ते १९१३ या काळात दर नऊ अमेरिकनांपैकी एकाला असा फुकट ग्लास मिळाला, असा अंदाज सांगितला जातो. एकूण साधारण ८५ लाख ग्लास. फुकट ते पौष्टिक ही म्हण तिकडेही चालत असणार.

निंबोणींना प्रश्न पडलाय की ५७ वाचल्याचा आनंद खरा होता, मग पैसे कुठे गेले. याचं उत्तर रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय (२०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं). त्यांचं म्हणणं असं की खरेदीतून आपल्याला दोन वेगळी सुखं मिळतात. एक त्या वस्तूचं, आणि दुसरं सौद्याचं, म्हणजे मनात धरलेल्या भावापेक्षा कमी दिल्याचं. दुसरं सुख इतकं दांडगं असतं की पहिलं शून्य असलं तरी माणूस खरेदी करतो. दाढीवाल्या घरातले फोमचे ६ कॅन हे याचं इतकं नेमकं उदाहरण आहे की पाठ्यपुस्तकात घालावं.

आणि हे सुख काढून घेतलं तर काय होतं, याचा मोठा प्रयोगही होऊन गेलाय. किराण्याचं दुकान नव्हे, पण जेसी पेनी ही अमेरिकेतली जुनी दुकानसाखळी. अ‍ॅपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख म्हणून आले आणि २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी कूपनं, सेल, सगळं बंद करून रोज एकच प्रामाणिक कमी भाव लावला. कागदावर गिऱ्हाइकाचा फायदाच होता. त्या वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी कोसळली. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन गेले आणि कूपनं परत आली. लोकांना स्वस्त वस्तू नको होती असं नाही, त्यांना स्वस्तात *मिळवायची* होती.

सावलीतली

+१. शेवटचं वाक्य पटलं. माझी आई भाव करून घेतलेली वस्तू कायम जपून वापरते आणि छापील भावाने घेतलेलीला नावं ठेवते.

गल्ल्यावरची

मी एका मोठ्या दुकानात काउंटरवर काम करते. इथे वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

फोल्डरवाली बाई रांगेत दिसली की मला लांबूनच कळतं. ट्रॉलीत एकाच वस्तूचे सात-आठ नग उभे रचलेले, आणि हातात कूपनांची गड्डी. मशीन चारपैकी एक तरी कूपन नाकारतं. मग हाताने बघायचं, आकार बरोबर आहे का, मुदत आजची आहे का, दोन घेतल्यावर आहे की तीन. मागची माणसं आधी घड्याळाकडे बघतात, मग छताकडे, मग माझ्याकडे. त्या बाईंचाही चेहरा लाल झालेला असतो. एकीचं कूपन कालच संपलेलं निघालं. तिने शांतपणे ती पाचही पाकिटं बाजूला काढली, 'नको' म्हणाली आणि बाकीचं बिल दिलं. मला तिचा फार आदर वाटला. बहुतेक जण त्या क्षणी लाजेकाजेस्तव पूर्ण किंमत देऊन मोकळे होतात. मी रोज बघते.

दुकानाला कूपनांचा राग असतो असं काही जणांना वाटतं. कंपनीच्या कूपनाचे पैसे दुकानाला कंपनीकडून मिळतात, त्यामुळे नियमात असेल तर बिनधास्त द्या. पण झेरॉक्स काढलेली कूपनं देऊ नका. ती फसवणूक आहे, कंपनी पैसे देत नाही आणि मग आम्हाला बोलणी बसतात.

आणखी एक. फळी अख्खी रिकामी करू नका. तुमच्यामागे तेच एक कूपन घेऊन एखादी म्हातारी येते आणि मला तिला 'संपलं' सांगावं लागतं.

मनमौजी

गल्ल्यावरची, लिहीत राहा हो. मी ते छताकडे बघणाऱ्यांपैकी.

खटपट्या

कात्री कोण वापरतं आता? सगळं अ‍ॅपवर. एक टिचकी मारली की कूपन दुकानाच्या कार्डावर चढतं, ना फोल्डर ना पेपर. तुमचे २४ तासांचे २ होतील.

हिशोबनीस

होतील, पण मग चाळणी दुसरीकडे बसते. कागदी कूपन सगळ्यांना सारखंच होतं. अ‍ॅपमधलं फक्त तुमच्यासाठी शिवलेलं असतं. ब्रिटनमध्ये टेस्को या किराण्याच्या दुकानसाखळीने १९९५ मध्ये क्लबकार्ड, म्हणजे खरेदीची नोंद ठेवून त्या बदल्यात सवलत देणारं कार्ड, आणलं, तेव्हापासून दुकानांना समजलं की कुठलं गिऱ्हाईक काय, कधी आणि किती घेतं याची नोंद हीच खरी मिळकत आहे. कूपन हा त्या नोंदीचा मोबदला. तुम्ही दर पंधरा दिवसांनी साबण घेता हे माहीत असेल तर तेराव्या दिवशी साबणावर सूट देण्याची गरजच काय? सूट येते ती शेजारच्या वस्तूवर. शिवाय टिचकी सोपी झाली की आपण पन्नास कूपनं चढवून ठेवतो आणि दुकानात फोन उघडून 'माझ्याकडे कशाकशावर सूट आहे' ते बघत फिरतो. यादी तिथेच मेली.

खटपट्या

मान्य, पण टिचकी मारायची ती दुकानातून निघताना, बिल करायच्या आधी. जे ट्रॉलीत आहे त्याच्यापुरतीच कूपनं शोधायची. मी असंच करतो. मोठं घबाड हाती लागत नाही, १०० चे ९५-९६ होतात, पण कष्ट पाच मिनिटांचे.

रातराणी

खटपट्या, हे मात्र झकास. माझ्या ९ महिन्यांच्या शहाणपणापेक्षा सोपं आहे.

सावलीतली

मला अजून एक खटकतं. निंबोणी म्हणते तिला छान झोप लागायची. छंद म्हणून बघितलं तर? लोक विणकाम करतात, स्वेटर विकतपेक्षा महाग पडतो, तरी कोणी हिशोब मागत नाही. कूपनांनाच का मागायचा?

मनमौजी

कारण विणणारी बाई 'मी पैसे वाचवतेय' असं म्हणत नाही. आणि स्वेटर डोक्यावर पडत नाहीत.

निंबोणी

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. हिशोबनीस म्हणाले तसं तपासलं. १५० पैकी आमच्या जुन्या यादीत असलेल्या वस्तू फक्त ६८ च्या. बाकी ८२ मध्ये अर्ध्याहून जास्त भर नाववाल्या मालाची, जिथे आधी आम्ही साधा घ्यायचो आणि आमचं काही अडत नव्हतं. त्यातून दोघांना तो महागडा साबण आवडायला लागलाय आणि आता तो कूपनाशिवायही आणावा लागतो. हे नुकसान वहीत कसं मांडायचं ते मला कळलेलं नाही.

@सावलीतली, छंद म्हणून बघायचा प्रयत्न केला. पण गल्ल्यावरचीने लिहिलेला तो लाल चेहरा माझाच आहे. मी सुद्धा दोनदा मुकाट्याने पूर्ण किंमत दिली होती. छंदात कोणी असं करत नाही.

फोल्डर रिकामा केला. त्यातून ११ जिवंत कूपनं निघाली, यादीतली ३. ती एका पाकिटात घालून पाकीट कपाटाच्या दाराला टाचलंय. रातराणीसारखी वही सुरू केली आहे, सध्या १४ वस्तू, भाव १०० ग्रॅमचे. फ्रिजवरच्या पावत्या उतरवल्या, एक सोडून. तिच्यावर ६१ टक्के बचत आहे, ती नाही काढवत.

टूथपेस्टचं सांगायचं राहिलं. तारीख उलटलेल्यांनी नळ, चपला आणि एक जुनी समई लख्ख झाली. चांगल्यातल्या बऱ्याच वाटल्या. पुदिना नसलेल्या ४ उरल्यात, कोणाला हव्यात का?

टवाळ

कूपन लागतं का?